उतरती रेघ

आमच्या घरात माझं वाक्य मी कधी पुरं केलंच नाही. ते दुसरंच कुणीतरी पुरं करायचं. यात कुणाचा दुष्टावा नव्हता, उलट माया होती, आणि मायेशी भांडता येत नाही हीच तर खरी अडचण. मी तोंड उघडून ‘ग... ग...’ करायला लागले की आई चुलीपुढून मान न वळवता विचारायची, “गूळ पाहिजे व्हय?” आणि मी काही म्हणायच्या आत गुळाचा खडा माझ्या हातात पडायचा. मला खरं तर सांगायचं असायचं की वाळत घातलेल्या गव्हावर चिमण्या आल्यात. पण गूळ गोड लागायचा, तोवर चिमण्यांचंही पोट भरायचं, आणि सांगणं राहून जायचं. अण्णांची तऱ्हा वेगळी. कचेरीतून आल्यावर पायांवर पाणी घेता घेता ते माझं वाक्य अर्ध्यात धरायचे आणि आपल्या मनाला येईल तिथे नेऊन सोडायचे. “कळलं, कळलं, तुला काय म्हनायचंय ते मला समजलं,” असं म्हणून टॉवेलाला हात पुसायचे. बहुतेक वेळा त्यांना काहीएक समजलेलं नसायचं. मी मात्र मान डोलवायचे. एकदा मान डोलवली की सुटका होते, हे मला फार लहानपणी कळलं होतं.

माझं नाव गोदावरी. आमचं गाव पैठण. शेती काका बघायचे, आणि अण्णा पाटबंधाऱ्याच्या कचेरीत कारकून म्हणून शहरात आले होते. दोघी थोरल्या बहिणी सासरी गेलेल्या, मी शेंडेफळ. आम्ही राहायचो ते गारखेडा तेव्हा शहराची कड होती. आमच्या दोन खोल्यांच्या मागे ज्वारीचं रान सुरू व्हायचं आणि हुरड्याच्या दिवसांत त्या रानातून गोफणीचा आवाज घरात यायचा. सकाळी जाग यायची ती आईच्या भाकरी थापण्यानं. त्या पाठोपाठ भिंतीपलीकडून मेहरूनखाला कोंबड्यांना बोलावायच्या. त्यांचे यजमान जुन्या शहरात सायकलींचं दुकान चालवायचे, पोरंबाळं नव्हती, त्यामुळे मी अर्धी त्यांचीच होते. आमच्याकडे येसरची आमटी झाली की वाटी भिंतीवरून तिकडे जायची, आणि त्यांच्याकडे कलिया झाला की भट्टीवरचे जाडजूड नान आणि तवंग आलेला रस्सा इकडे यायचा. आई तो रस्सा भाकरीशी खायची आणि नान मला द्यायची. हल्ली लोक त्याच नान-कलियासाठी मोटारी घेऊन लांबून येतात आणि खाण्याआधी त्याचे फोटो काढतात. आम्ही बोटं चाटायचो.

माझी जीभ अडते हे घरात कुणी मोठ्यानं म्हणत नसे, पण इलाज सगळ्यांनी केले. आईनं वेखंड उगाळून जिभेला लावलं, मधातून अक्कलकारा चाटवला, शंखात रात्रभर ठेवलेलं पाणी पाजलं. खाला दर्ग्यातून फुंकर मारून आणलेलं पाणी द्यायच्या. आईला त्याचं वावडं नव्हतं. ती म्हणायची, “पानी ते पानी. कोनच्या का देवाचं आसंना, लागू पडल्याशी कारन.” दोन्हीकडचं पाणी पिऊन माझं पोट गच्च व्हायचं आणि जीभ होती तिथेच राहायची. प, ब आणि ग ही तीन अक्षरं माझ्या वैरिणी. बाकीची अधूनमधून त्रास द्यायची, पण या तिघी दारातच आडव्या पडायच्या. आणि नशीब पाहा, नाव गोदावरी, गाव पैठण.

पण मीही काही कमी नव्हते. दार बंद असलं की माणूस खिडकी शोधतो, तशी मी शोधली, आणि ती खिडकी मला आमच्याच घरात सापडली. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा अण्णा शाळेत होते. तोवरचं त्यांचं सारं शिक्षण उर्दूतून झालेलं. पुढे कारभार मराठीत आला, अण्णांनी मराठी टिप्पणी लिहायला हौसेनं शिकून घेतली, पण घरी आले की जुने शब्द आपसूक तोंडात यायचे. पगाराला तनखा, अर्जाला दरखास्त, परीक्षेला इम्तिहान. भिंतीपलीकडे तर सगळं दखनीच. म्हणजे आमच्या घरात एकेका वस्तूला दोन-दोन नावं सहज पडलेली असायची. एक अडलं की दुसरं उचलायचं. पुस्तक अडलं की किताब. पाहुणे अडले की मेहमान. प्रश्न नको, सवाल. गोष्ट नको, किस्सा. पत्राला खत, पोपटाला राघू. असं करत करत मी अशी सरावले की वाक्य सुरू करतानाच पुढे कुठे खड्डा आहे ते मला दिसायचं आणि मी आधीच वळण घ्यायचे. ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नसे. खाला कौतुकानं आईला सांगायच्या, “तुमारी छोकरी तो क्या मीठी जबान बोलती गे बाई, हमारे घर की बच्चियों कू बी नइं आती.” आणि अण्णा मिशीत हसायचे. आपली जुनी विद्या लेकीच्या तोंडी उतरली याचा त्यांना कोण आनंद. जीभ वाचवण्यासाठी मी चालवलेली ती पळापळ होती, हे त्यांना कसं कळणार?

पाचवीत गेले त्या वर्षी आमच्या शाळेत आगाशेबाई आल्या. त्या पुण्याच्या, मुंबईत वाचा-उपचाराचं शिक्षण घेतलेल्या, आणि यजमानांच्या बदलीमुळे आमच्या शहरात आलेल्या. अडखळणाऱ्या, बोबडं बोलणाऱ्या मुलांना शिकवायला आठवड्यातून दोन दिवस येईन, असं त्यांनी आपणहून मुख्याध्यापकांना सांगितलं. त्यांना खेळाच्या सामानाची खोली मिळाली. एका भिंतीला लेझमी टांगलेल्या, कोपऱ्यात फाटका ढोल, मध्ये एक टेबल आणि चार-पाच खुर्च्या. पोरांनी पहिल्याच आठवड्यात बारसं करून टाकलं: तोतऱ्यांचा तास. त्या तासाला जायचं म्हणजे वर्गातून सगळ्यांदेखत उठून जायचं. पहिल्या दिवशी मी उठले तेव्हा मागच्या बाकावरून ‘ग-ग-ग’ असा कोंबड्या हाकल्यासारखा आवाज आला आणि माझे कान तापले. पण खोलीत जाऊन बसले, बाईंनी काहीतरी विचारलं, मी अडले, आणि एक नवलच घडलं. बाई थांबल्या. गूळ दिला नाही, ‘कळलं’ म्हणाल्या नाहीत, खिडकीबाहेरही पाहिलं नाही. दोन्ही हात टेबलावर ठेवून, जणू त्यांना दिवसभर दुसरं काहीच काम नाही, अशा थांबल्या. माझं वाक्य माझ्याच तोंडून संपेपर्यंत समोरचं माणूस थांबलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. त्या दिवसापासून मला तो तास खायला-प्यायला दिल्यासारखा वाटायला लागला. आजही एखादं माणूस घाई न करता ऐकतं तेव्हा मला त्या खोलीतला लेझमांच्या गंजाचा वास येतो.

बाईंची शिकवण्याची रीत साधी होती. अडलं की जोर लावायचा नाही. श्वास घ्यायचा, मागे यायचं, आणि अक्षराला हळूच हात लावल्यासारखं पुन्हा सुरू करायचं. “अगं, ती काय अडकलेली बैलगाडी आहे का खांदा लावून ढकलायला?” असं त्या म्हणायच्या. मग चित्रं पुढे ठेवायच्या. चित्रात काय दिसतं ते सांगायचं, त्यावर चार वाक्यं बोलायची. आपण बोलत असताना त्यांच्या डाव्या हाताशी चिंचोक्यांची एक वाटी असे आणि उजव्या हाताशी पत्र्याचा रिकामा डबा. मूल जिथे अडखळेल तिथे एक चिंचोका वाटीतून डब्यात. सुरुवातीला तो ‘टक्’ असा वाजायचा, आणि वाजला की पुढच्या शब्दाला आम्ही दुप्पट अडखळायचो. बाईंच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी डब्यात रुमाल अंथरला. मला मात्र आवाज नसला तरी तो पडलेला कळायचाच. तास संपला की त्या चिंचोके मोजून भिंतीवरच्या आलेखाच्या कागदावर ज्याच्या त्याच्या नावापुढे ठिपका द्यायच्या आणि आधीच्या ठिपक्याला रेघेनं जोडायच्या. अडखळणं कमी झालं की रेघ खाली यायची. रेघ तळाला टेकली आणि काही तास तिथेच राहिली की ते मूल मोकळं झालं, त्याच्या खुर्चीवर नवं मूल येणार. नाव घालून वाट बघणारी मुलं पुष्कळ होती.

आता मला त्या डब्यात एकही चिंचोका पडू द्यायचा नव्हता. बाईंना वाईट वाटेल, त्यांच्या त्या शांत थांबण्याला आपण पात्र ठरणार नाही, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. मग मी माझं जुनंच दुकान उघडलं. पोपटाचं चित्र आलं, मी म्हटलं राघू. पुस्तक आलं, किताब. गाय आली तेव्हा क्षणभर पंचाईत झाली, कारण गायीला खालांच्या घरीही गायच म्हणतात. पण मी घाबरले नाही, कपिला म्हणून टाकलं. बाई खुश झाल्या. “किती सुरेख शब्द वापरतेस गं,” म्हणाल्या. इथल्या मुलांच्या बोलण्यात उर्दू शब्द यायचेच; बाई पुण्याच्या, त्यांना वाटलं ही या शहराची बोली. आणि ते खोटं तरी कुठे होतं? वर्गातल्या निम्म्या पोरी तशाच बोलायच्या. फरक एवढाच की त्या पोरी ‘पुस्तक’ही म्हणू शकायच्या.

माझी रेघ भराभर उतरू लागली. सहामाहीनंतर अण्णा शाळेत चौकशीला आले, भिंतीवरचा कागद त्यांनी चष्मा लावून पाहिला आणि त्यांचं तोंडच उतरलं. कचेरीत धरणाच्या पाणीपातळीचे तक्ते त्यांच्या हाताखालून जायचे. रेघ खाली गेली की पुढच्या हंगामाचं काही खरं नाही, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. बाईंशी एक शब्द न बोलता ते मला सायकलवर पुढे बसवून घरी घेऊन आले आणि आईला म्हणाले, “पोरगी उतरतीला लागलीय. तळ गाठला पार.” आईनं कपाळाला हात लावला आणि मला तूप-साखर घातलेली भाकरी खायला दिली. दोन दिवस घरात सुतक असल्यासारखं होतं. मी ‘नाय अण्णा, खाली म्हणजे...’ असं सुरू करायचे आणि ते “कळलं बाळा, मनाला लावून घेऊ नगं,” म्हणून माझ्या डोक्यावरून हात फिरवायचे. शेवटी बाईंनीच चिठ्ठी पाठवून बोलावून घेतलं आणि समजावलं. अण्णा शाळेतून आले ते चौकातून जिलेबी घेऊनच. भिंतीवरून खालांना हाक मारून म्हणाले, “मेहरूनबहेन, इथं तळाला गेलं का समजायचं काम फत्ते.” मी जिलेबी खाल्ली. दुसरी मात्र मागितली नाही.

कारण तोवर मला कळून चुकलं होतं. रेघ तळाला टेकली होती आणि मी मोकळी होणार होते. मोकळी म्हणजे त्या खोलीतून बाहेर. जगात एक ठिकाण असं होतं जिथे माझ्यासाठी कुणी थांबायचं, आणि मी तिथे इतकी हुशारी केली होती की आता तिथूनच माझी उचलबांगडी होत होती. आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा म्हणतात तो हाच. वर पालकसभा ठरली. शिक्षण खात्याचे कुणी साहेब येणार होते, आणि मुख्याध्यापकांनी ठरवलं की मोकळ्या झालेल्या मुलांपैकी एकीनं स्टेजवर येऊन स्वतःची ओळख करून द्यायची. फार नाही, नाव, गाव आणि इयत्ता. निवड अर्थातच सर्वांत सरळ उतरलेल्या रेघेची झाली.

आदल्या दिवशी दुपारी बाईंनी तालमीला बोलावलं. “म्हण बघू एकदा. नमस्कार, माझं नाव अमुक, गाव अमुक, इयत्ता अमुक.” मी उभी राहिले. गोदावरी, पैठण, पाचवी. तिन्ही शब्द माझ्या वैरिणींचेच, एकामागे एक, आणि यातल्या एकालाही दुसरं नाव नाही. मी श्वास घेतला आणि म्हटलं, “नमस्कार. मी अण्णा काकड्यांची धाकटी लेक. धरणाच्या शेजारी आमची शेती आहे. मी चौथी संपवून यंदा वरच्या इयत्तेत आले.” बाई आधी हसल्या. “छान, पण नाव राहिलं की.” मी पुन्हा म्हटलं, “अण्णा काकड्यांची धाकटी.” मग त्यांचं हसू हळूहळू मावळलं. त्या उठल्या, चित्रांचा गठ्ठा आणला आणि एकेक चित्र माझ्यापुढे धरत गेल्या. राघू. किताब. कपिला. खत. त्यांनी पोपटाचं चित्र पुन्हा वर काढलं आणि मऊ आवाजात विचारलं, “याचं दुसरं नाव काय गं?”

 बाहेर मैदानावर कबड्डीचा दम चालू होता, तो ऐकू येत होता. मग मी ‘प’ला हात घातला, आणि तो असा अडला की माझे ओठ थरथरायला लागले, डोळ्यांत पाणी आलं, पण शब्द काही आला नाही. बाई थांबल्या होत्या. त्या तशाच थांबून राहिल्या, म्हणून मला रडू फुटलं. मला वाटलं आता रागावतील. त्या माझ्याजवळ खाली बसल्या आणि म्हणाल्या, “मी इतके दिवस अडखळणं मोजत होते. तू काय काय टाळतेस ते मोजायला हवं होतं. चूक मोजणाऱ्याची आहे, तुझी नाही. आणि एक सांगू का? एवढे शब्द डोक्यात तयार ठेवून क्षणात बदलायचे, हे मला जमलं नसतं.” मग त्यांनी डब्यातला रुमाल काढून घडी घातली आणि सांगितलं, “यापुढे अडखळलीस म्हणून चिंचोका पडणार नाही. अवघड शब्द न टाळता म्हटलास की पडेल. मग तो कितीही तुटत तुटत आला तरी चालेल. वाजू दे खुशाल.”

“म्हणजे मी तासाला येऊ?” मी विचारलं. बाईंनी भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं. मुलांशी खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. “अहवाल गेलाय गं वर,” त्या म्हणाल्या. “तुझी खुर्ची दुसऱ्या मुलीला दिलीय. मी आत्ता मुख्याध्यापकांकडे जाते, पण ते म्हणतील, बाई, तुमचाच तक्ता बघा, रेघ तळाला आहे. तक्त्याशिवाय माझ्याजवळ दुसरा पुरावा नाही. उद्या मी तुझ्याऐवजी दुसऱ्या कुणाला उभं करू शकते. तसं केलं तर कुणाला काही कळणार नाही आणि तू मोकळी होशील. आणि तुला राहायचं असेल तर...” त्यांनी वाक्य सोडून दिलं. मी पाचवीत होते पण मठ्ठ नव्हते. राहायचं असेल तर मला सगळ्यांसमोर अडखळावं लागणार होतं. “सकाळी सांग मला,” बाई म्हणाल्या. “मी सक्ती करणार नाही.”

संध्याकाळी घराचं लगीनघर झालेलं. आईनं ठेवणीतलं इरकली लुगडं बाहेर काढलेलं, काका पैठणहून एसटीनं आलेले, अण्णांनी पेढ्यांचा मोठा पुडा आणून देवापुढे ठेवलेला. खालांनी भिंतीवरून कलिया दिला आणि उद्या मी पण येणार म्हणून बजावलं. जेवताना मी ठरवलं, अण्णांना सांगून टाकायचं की मी बरी झालेली नाही, मला पुन्हा त्या तासाला बसायचंय. बाईंनी आजच तर सांगितलं होतं, अवघड शब्द टाळायचा नाही. म्हणून मी ‘अजून’ किंवा ‘फिरून’ शोधत बसले नाही, सरळ ‘पुन्हा’लाच हात घातला. “अण्णा, मला प... प...” “पेढे?” अण्णा म्हणाले. “आनलेत की बाळा, सकाळी देवाला दावू, मग खा.” काका हसले, आई हसली. मी मान डोलवली. त्या मान डोलवण्याचा मला इतका राग आला की तसा आजवर कुणाचा आला नाही. पुढे मी टेलिफोनच्या कचेरीत लागले, आणि दैवाची थट्टा बघा, चौकशीच्या खिडकीवर बसले ती निवृत्त होईपर्यंत. तिथे माणसं घाईत असायची, माझ्या तोंडचे शब्द ओढून घ्यायची. मी कधीही मान डोलवली नाही. त्या जेवणानंतर ती सवयच सुटली.

सकाळी मी बाईंना एवढंच म्हटलं, “मीच उभी राहणार.” सभा मैदानावरच्या मांडवात होती. पुढे साहेबांची खुर्ची, मागे सतरंज्यांवर आयाबाया, आणि स्टेजच्या कडेला बाईंचा तक्ता टांगलेला. कर्णा मधूनमधून शीळ घालत होता. माझं नाव पुकारलं. मी स्टेजवर चढले. “नमस्कार,” मी म्हटलं. “माझं नाव ग... ग...” माइकनं माझा प्रत्येक श्वास मांडवभर पसरवला. मागच्या बाकावरचा तो कोंबड्या हाकल्यासारखा आवाज या वेळी आला नाही, पण त्याहून वाईट काहीतरी झालं. सगळ्यांच्या चेहऱ्यांवर कळवळा दाटला. आणि दुसऱ्या रांगेतून अण्णा उठून उभे राहिले, हात जोडून, अगदी लाजेनं आणि मायेनं म्हणाले, “गोदावरी, साहेब. गोदावरी काकडे. पोर जरा घाबरलीय.” मांडवानं सुटकेचा श्वास टाकला. कुणीतरी टाळ्या सुरू केल्या, साहेबांनीही हात जोडले, मुख्याध्यापक मला उतरवून न्यायला पुढे झाले. सगळं संपल्यात जमा होतं. फक्त खाली उतरायचं बाकी होतं.

“अण्णा, थांबा,” मी म्हटलं. हे शब्द कसे कोण जाणे, सरळ आले. “माझं नाव मी सांगते.”

टाळ्या थांबल्या. मुख्याध्यापक पायरीवरच राहिले. तक्त्याजवळ उभ्या असलेल्या आगाशेबाई जागच्या हलल्या नाहीत, त्यांनी खूणही केली नाही. त्या फक्त थांबल्या होत्या, त्यांच्या नेहमीच्या रीतीनं. मी जोर लावला नाही. मागे आले, श्वास घेतला, पुन्हा गेले. ग अडला, सुटला, पुन्हा अडला. मांडवाचं कापड वाऱ्यानं फडफडत होतं. बायकांमधून खालांचा दबका आवाज आला, “आराम से बेटा, कोई जल्दी नइं.” आणि मग ते आलं, तुटत तुटत, पण अखेरच्या अक्षरापर्यंत माझं: गोदावरी. त्यानंतर पैठण. पैठणला तर त्याहून वेळ लागला. मग पाचवी. मी घामानं भिजले होते आणि मला भूक लागल्याचं एकदम जाणवलं.

साहेबांनी तक्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग कपाळाला आठ्या घालून बाईंना विचारलं, “बाई, तुमच्या तक्त्यावर तर ही मुलगी बरी झालेली दिसतेय.”

“तक्ता चुकला, साहेब,” बाई म्हणाल्या. मुख्याध्यापकांनी खाकरून पाहिलं, पण त्या थांबल्या नाहीत. “ती अवघड शब्द टाळत होती आणि मी फक्त अडखळणं मोजत होते. आज तिनं एकही शब्द टाळला नाही. तिची रेघ मला आजपासून नव्यानं काढावी लागेल. खुर्ची कमी पडत असेल तर मी घरून आणीन.”

साहेबांनी तक्त्यावरची नजर काढली. मग त्यांनी मलाच विचारलं, बाईंना नाही, मुख्याध्यापकांना नाही. “काय गं, अजून या तासाला बसायचंय का तुला?”

“व्हय,” मी म्हटलं.

“का?”

अण्णांचं तोंड उघडलं. मी वरून बघत होते. ते उघडलेलं तोंड त्यांनी तसंच हळूच मिटलं, आणि मोठ्या कष्टानं, जड ओझं धरून उभं राहिलेल्या माणसासारखे ते गप्प उभे राहिले. माझ्या जिभेवर ‘सांगायचंय’ तयार होतं, सोपं, गुळगुळीत, आजवर शंभरदा कामाला आलेलं. मी ते बाजूला सारलं.

“मला ब... ब...”

साहेब थांबले. मांडव थांबला. आई तोंडाला पदर लावून थांबली, आणि दुसऱ्या रांगेत अण्णा थांबले, माझ्या आयुष्यात पहिल्यांदा.

“मला बोलायचंय.”